तिसऱ्या पंपाचा कागद

माड पंपघरावर पडला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. मला ते फोनवर कळलं, कारण कंट्रोल रूमला खिडकी नसते. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, माड पडला." मी त्याला म्हटलं, एवढ्या वादळात माड पडायचेच, आत्ता ते सांगत बसू नका.

"पंपघरावर पडला," तो म्हणाला. "पंप खाली आहे. म्हणजे, माडाच्या खाली आहे."

मी फोन ठेवला आणि शेजारी बसलेल्या उपासनी साहेबांना सांगितलं. उपासनी साहेब आमचे शिफ्टप्रमुख. सरकारी पत्रासारखं बोलायचे. चहा हवा असला तरी "चहाबाबत काही करता आलं तर पाहावं" असं म्हणायचे. त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मेलो."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि आगरकोंडच्या अणुवीज केंद्रात रुजू होऊन आठ महिने झाले होते. आदल्या दिवसापासून किनाऱ्यावर वादळ होतं. पहाटे पाचला बाहेरून येणारी वीज गेली आणि भट्टी आपोआप बंद झाली. तिथवर सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चाललं होतं. पण भट्टी बंद झाली म्हणजे ती थंड झाली असं नसतं. चुलीतली लाकडं बाहेर ओढली तरी निखाऱ्यांवर भात शिजत राहतो, तसे आमचे निखारे पुढे कित्येक दिवस धगधगत राहतात. त्यांची उष्णता बॉयलरमधलं पाणी घेतं, त्या पाण्याची वाफ होऊन ती आकाशात जाते, आणि जेवढं पाणी जातं तेवढं पंपाने परत भरावं लागतं. पहिल्या दोन पंपांना वीज देण्यासाठी दोन मोठे जनरेटर तळघरात होते. सात वाजता केबलच्या चरातून समुद्राचं पाणी तळघरात शिरलं आणि दोन्ही जनरेटर बुडाले. मग उरला तिसरा पंप. तो डिझेलवर चालणारा, आग विझवण्यासाठी ठेवलेला, आणि त्याला वीज लागतच नव्हती. तो टेकडीच्या पायथ्याशी, गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी होता. तिथे समुद्राचं पाणी पोचणं शक्य नव्हतं.

आमच्या सुरक्षा अहवालात भूकंपाचा विचार केलेला होता, लाटेचा केलेला होता, वरून विमान पडलं तर काय याचाही केलेला होता. माडाचा नव्हता. तो माड केंद्राच्या पहिल्या संचालकांनी वृक्षारोपणाच्या दिवशी स्वतःच्या हाताने लावला होता, आणि त्याच्याखाली तशी संगमरवरी पाटी होती. माड पडला, पाटी शाबूत राहिली.

उपासनी साहेबांनी कागदावर तीनदा हिशेब केला आणि तिन्ही वेळा एकच उत्तर आलं. बॉयलरमधलं पाणी दुपारी साधारण एक वाजता संपणार होतं. त्यानंतर आतलं इंधन स्वतःच्या उष्णतेने वितळायला किती वेळ लागेल, तो हिशेब त्यांनी केला नाही. निदान माझ्यासमोर केला नाही.

बिनतारी यंत्रावरून मुंबईचं मुख्यालय मिळालं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुस्तकातल्या प्रकरण चौदाप्रमाणे तिसरा पंप सुरू करा असं सांगितलं. साहेबांनी त्यांना माडाबद्दल सांगितलं. मग मुंबईने माडाचा घेर विचारला. क्रेन निघाली होती, पण घाटात दरड कोसळलेली असल्यामुळे ती पोचायला दोन दिवस लागणार होते. हेलिकॉप्टर वारा थांबल्यावर. आमचे संचालकही घाटाच्या पलीकडेच अडकले होते.

"तासाला बारा हजार लिटर पाणी," उपासनी साहेब म्हणाले. "एवढंच हवंय, आणि एवढं तर आंब्याची बाग भिजवायला लागतं."

तेव्हा बॅटऱ्यांच्या खोलीतला परब नावाचा गावातला टेक्निशियन हळूच म्हणाला, की गावाच्या नळयोजनेचा डिझेल पंप आहे. ट्रॉलीवर बसवलेला आहे आणि डोंगरावरच्या टाकीपर्यंत पाणी चढवतो. मग तो जमिनीकडे बघायला लागला. पंप कुणाच्या ताब्यात आहे असं मी विचारलं. सगळ्यांनी फाटकाच्या दिशेला बघितलं, तेव्हा मला उत्तर कळलं.

पंप शेट्ये गुरुजींकडे होता.

यशवंत शेट्ये गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक. केंद्राचा पाया खणला गेला त्या दिवसापासून, म्हणजे अकरा वर्षं, ते केंद्राविरुद्ध आंदोलन करत होते. फाटकासमोर त्यांचा मांडव होता. दर महिन्याच्या एक तारखेला ते संचालकांना पत्र पाठवायचे आणि प्रत्येक पत्रात एकच प्रश्न असायचा: तिन्ही पंप एकाच वेळी बंद पडले तर आपण काय कराल? आमच्याकडून दर महिन्याला उत्तर जायचं, की असे घडणे संभवत नाही. उत्तराचा मसुदा इतका पाठ झाला होता की टायपिस्ट प्रश्न न वाचताच टाइप करायची.

गुरुजींकडे कुणी जायचं, यावर थोडी चर्चा झाली. उपासनी साहेबांवर गुरुजींनी केलेल्या दोन तक्रारी होत्या. परबला त्यांनी चौथीत नापास केलं होतं. बाकी प्रत्येकाचं काही ना काही निघालं. मला ते ओळखत नव्हते, म्हणून मी.

फाटकावर सुरक्षाप्रमुख सुभेदार लाड होते. सैन्यातून निवृत्त झालेले, मिशा कडक, आणि स्वतःची सायकल रोज पुसणारे. ड्यूटीवर असताना बाहेर जायचं तर गेटपासवर विभागप्रमुखांची सही लागते, असं ते म्हणाले. मी परत जाऊन सही आणली. परत आले तेव्हा त्यांच्या मागच्या भिंतीकडे माझं लक्ष गेलं. तिथे 'प्रवेश निषिद्ध' असं शीर्षक होतं आणि त्याखाली एकच फोटो होता. गांधी टोपी, जाड चष्मा.

मांडव वादळात उडाला होता. गुरुजी धोतराचा काचा मारून एका बांबूला काथ्या बांधत होते. मी नाव सांगितलं, केंद्रातून आले असं सांगितलं. त्यांनी मला एका उलट्या टोपलीवर बसायला सांगितलं आणि काथ्या बांधणं संपवलं. मग माझ्यासमोर उकिडवे बसले.

मी घाईघाईने सांगायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "सावकाश. पहिला जनरेटर?"

"बुडाला."

"दुसरा?"

"तोही बुडाला."

"एकाच तळघरात होते ना? तुमच्या अहवालाचं पान एकशे बारा. मी लिहिलं होतं त्यांना. आणि तिसरा?"

"माड पडला."

मला वाटलं आता ते हसतील. अकरा वर्षांनी माणसाला तेवढा हक्क होता. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला. किती वाजेपर्यंत, एवढंच त्यांनी विचारलं. मी एक वाजेपर्यंत म्हटलं. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं. दहाला पाच कमी होते.

"पंप देतो," ते म्हणाले. "पण आधी मला लिहून दे."

काय लिहून देऊ, असं मी विचारलं.

"तिन्ही पंप एकाच वेळी बंद पडले, एवढंच. संचालकांची सही नको मला. तू तिथे होतीस ना? मग तू लिही."

मला अधिकार नाही, असं मी म्हटलं. खरं तर मला भीती वाटत होती. असा कागद केंद्राबाहेर देणं म्हणजे नोकरी गेली. सांगलीला माझ्या घरी, पोरगी अणुशास्त्रज्ञ झाली असं आई शेजारीपाजारी सांगत होती, आणि मी तिचा गैरसमज कधी दुरुस्त केला नव्हता. मी गुरुजींना म्हटलं, ही वेळ कागदांची आहे का? उद्या मागा, परवा मागा.

"परवा तुम्ही देणार नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "बाय, मी चाळीस वर्षं पोरं शिकवली. मार बसायच्या आधी पोरगं खरं बोलतं. मार टळला की नाही बोलत."

एवढ्यात मांडवामागच्या घरातून त्यांच्या पत्नी, माई, बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. तिकडे भट्टी तापतेय आणि तुम्ही इथे शाळा काय घेताय, असं त्या गुरुजींना म्हणाल्या. मला बरं वाटलं. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "दे गो लिहून पटकन. ते ऐकायचे नाहीत. मी सदतीस वर्षं बघतेय."

मी लिहिलं. वहीचा कागद मांडीवर ठेवून लिहिलं: आज सकाळी साडेआठपर्यंत केंद्रातील तिन्ही पंप निरूपयोगी झाले; त्या वेळी मी कंट्रोल रूममध्ये हजर होते. खाली सही, तारीख, वेळ. गुरुजींनी चष्मा सारखा केला आणि कागद वाचला. मग कानावरची पेन्सिल काढली.

"निरुपयोगी," ते म्हणाले. "रु ऱ्हस्व."

त्यांनी तो दुरुस्त केला, कागदाची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला आणि उठले. पुढे मात्र त्यांनी एक क्षण दवडला नाही. पंधरा मिनिटांत आंदोलनातली सगळी मंडळी गोळा झाली. रस्त्यावर झाडं आडवी पडल्यामुळे ट्रॅक्टर चालत नव्हता, म्हणून तीस-पस्तीस माणसांनी ट्रॉली गावातून दोर लावून ओढली आणि प्रत्येक पडलेल्या झाडावरून उचलून पलीकडे ठेवली. ओढताना सवयीने कुणीतरी "अणुभट्टी" म्हणून आरोळी दिली आणि बाकीच्यांनी "हटवा" म्हटलं. त्या तालावर पंप भराभर पुढे सरकला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही फाटकाशी पोचलो. सुभेदार लाड दोन्ही पाय रोवून उभे होते. पंप आत जाईल, ते म्हणाले. माणसं नोंद करून जातील. गुरुजी जाणार नाहीत, त्यांच्या नावे लेखी बंदी आहे आणि ती फक्त संचालक उठवू शकतात. मी त्यांना घड्याळ दाखवलं. त्यांनाही घड्याळ दिसत होतं. कपाळावर घाम होता त्यांच्या. पण हा माणूस बत्तीस वर्षं हुकुमावर जगला होता आणि हुकूम भिंतीवर चिकटवलेला होता.

गुरुजी न गेल्यास पंप सुरू होणार नव्हता. तो जुना पंप फक्त त्यांनाच चालवता यायचा.

शेवटी गुरुजींनीच विचारलं, की बंदी नेमकी कशासाठी आहे, ते वाचून दाखवा. लाडांनी हुकूम वाचला. आवारात घोषणाबाजी करण्याचा संभव असल्याकारणाने.

"नाही करणार," गुरुजी म्हणाले.

लाडांनी थोडा विचार केला. "लिहून द्या."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी लाडांच्या टेबलावर वाकून लिहून दिलं, की भट्टी थंड होईपर्यंत मी कोणतीही घोषणा देणार नाही. मग अभ्यागतांच्या रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि भेटीचे कारण या रकान्यात वळणदार अक्षरात 'अणुभट्टी थंड करणे' असं लिहिलं. लाडांनी ते वाचून सलाम ठोकला. कुणाला ठोकला ते त्यांचं त्यांना माहीत.

तळ्याशी पंप लागला तेव्हा पावणेबारा झाले होते. मग कळलं की आमच्या होजचं तोंड आणि गावच्या पंपाचं तोंड यांत अर्ध्या इंचाचा फरक आहे. उपासनी साहेब स्वतः गुडघाभर चिखलात उतरले होते. ते जोडायला काहीतरी रबरी लागेल असं म्हणाले, आणि या वेळी 'पाहावं' म्हणाले नाहीत. सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. सुभेदार लाड फाटकाकडे गेले आणि सायकलची दोन्ही चाकं उघडून ट्यूबा घेऊन आले. गुरुजींनी जोडावर ट्यूब गुंडाळली, वरून काथ्या आवळला आणि हँडल मारलं. इंजिन सुरू झालं, पण पाणी येईना. पंपाने हवा धरली होती. गुरुजींनी इंजिन बंद केलं आणि बादली मागितली. वरच्या भोकातून पाणी ओतायचं, बुडबुडे यायची वाट बघायची, परत ओतायचं. हे असं वीस मिनिटं चाललं. आपण अणुशक्तीच्या युगात आहोत की नाही, याची मला तेव्हा शंका यायला लागली होती.

बारा वाजून वीस मिनिटांनी होज साप सरळ व्हावा तसा ताठ झाला. मी धावत कंट्रोल रूममध्ये गेले. बॉयलरच्या पातळीचा काटा तळाला टेकायच्या बेतात होता. तो थांबला. बऱ्याच वेळाने वर सरकला, केसभर. उपासनी साहेब माझ्या मागे चिखलाच्या पायांनी उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिले.

थोड्याच वेळात इमारतीच्या माथ्यावरून मोठ्ठा आवाज करत वाफेचा लोट उठला. गावची माणसं दोर टाकून पळाली. मी बाहेर आले तेव्हा गुरुजी एकटेच पंपाशी उभे राहून त्यांना परत बोलावत होते. "साधी वाफ आहे," ते ओरडून सांगत होते. "बॉयलरची आहे. पान दोनशे सहा. घाबरू नका, यांची यंत्रणा चांगली आहे." मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते एकदम इंजिनाचं तेल तपासायला लागले.

पंप एकतीस तास चालला. गुरुजी तेवढा वेळ तिथून हलले नाहीत. घोषणा त्यांनी एकही दिली नाही.

दोन महिन्यांनी चौकशी समिती आली. तीन सदस्य, मुंबईचे. तालुक्याच्या गावी दुसरी मोठी जागा नसल्यामुळे सुनावणी एका मंगल कार्यालयात झाली. केंद्राचे साक्षीदार 'वरपक्ष' लिहिलेल्या पाटीखाली बसले आणि गावचे 'वधूपक्ष' लिहिलेल्या. आमच्या निवेदनात म्हटलं होतं, की पूर्वनियोजित पर्यायी व्यवस्थेद्वारे भट्टी थंड ठेवण्यात आली व तिसरा पंप अंशतः कार्यक्षम होता. अंशतः. उपासनी साहेबांनी खाली मान घालून ते वाचलं. त्यांना सेवानिवृत्तीला सात महिने राहिले होते. सुनावणीच्या तीन दिवस आधी वरिष्ठांनी मलाही बोलावून, एखादा अनधिकृत कागद बाहेर गेला असल्यास संबंधिताला बडतर्फ करण्यात येईल, असं सांगितलं होतं. नाव घेतलं नव्हतं. त्या वेळी दाराशी सुभेदार लाड उभे होते.

मग गुरुजींना बोलावलं. अकरा वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस आला होता. धुतलेलं धोतर, नवी टोपी. अध्यक्षांनी विचारलं, की तिन्ही पंप बंद पडल्याचा लेखी पुरावा तुमच्याकडे आहे अशी गावात चर्चा आहे, तो सादर करा.

गुरुजींनी बंडीच्या खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर निळ्या शाईचा एक डाग होता, ढगासारखा. एकही अक्षर वाचता येत नव्हतं.

"भिजला," ते म्हणाले. "पंप भरताना."

कुणी लिहिला होता, असं अध्यक्षांनी विचारलं.

"आठवत नाही," गुरुजी म्हणाले. "वय झालं."

वधूपक्षाकडे कुजबुज सुरू झाली. ज्या माणसाला अहवालाची पानं तोंडपाठ होती त्याला दोन महिन्यांपूर्वीचं आठवत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते छताकडे बघत होते. कान लाल झाले होते त्यांचे. तेव्हा मला समजलं, की हा माणूस खोटं बोलतोय आणि त्याला ते अजिबात जमत नाहीये.

मी उभी राहिले. उभं राहायचं असं मी ठरवलं नव्हतं. पाय आधी उठले. मी म्हटलं, "तो कागद मी लिहिला होता. तिन्ही पंप बंद होते. तिसरा अंशतः नव्हता, माडाखाली होता." पुढे सगळं सांगितलं, वेळांसकट. बोलायला बारा मिनिटं लागली असतील. माझं झाल्यावर उपासनी साहेब उठले आणि म्हणाले, "बरोबर आहे." दोनच शब्द. त्यांच्याकडून इतकं छोटं वाक्य मी फक्त दोनदा ऐकलं, आणि ते दुसरं.

मला बडतर्फ केलं नाही. समितीने नोंद घेतल्यावर तसं करणं बरं दिसलं नसतं. माझी बदली प्रशिक्षण केंद्रात झाली आणि कंट्रोल रूममध्ये मी परत कधी बसले नाही. जनरेटर वर टेकडीवर नेले, पंपघराभोवतीची झाडं काढली, आणि तिन्ही पंप एकदम बंद पडले तर काय करायचं यावर एक प्रकरण पुस्तकात आलं. ते मी चोवीस वर्षं शिकवलं.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. सुनावणी संपली तेव्हा गुरुजी मंगल कार्यालयाच्या पायरीवर एकटे बसले होते. मला वाटलं ते खूश असतील. शेवटी त्यांचंच खरं ठरलं होतं. पण मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"पंप भरताना भिजला नाही ना तो?" मी विचारलं.

"परवा लाड घरी आले होते," ते म्हणाले. "तुझी नोकरी जाईल म्हणाले. मग बादलीत घातला. माई म्हणाली, पुसट दिसतंय अजून. म्हणून परत घातला." त्यांनी बंडीच्या रिकाम्या खिशावर हात ठेवला. "अकरा वर्षांत मिळालेला एकच कागद."

मी एक पायरी खाली उतरून त्यांच्यासमोर आले.

"जन्मात खोटी साक्ष दिली नव्हती मी," ते म्हणाले. "काल दिवसभर माईसमोर सराव केला. एकदाच खोटं बोललो, आणि तू तेही फुकट घालवलंस."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. आगरकोंडची बस साडेपाचला होती. ती येईपर्यंत ते तोंड फिरवूनच बसले होते, पण बस आल्यावर त्यांनी आधी चढून माझ्यासाठी खिडकीची जागा धरली.